कॉलनीतील रस्ता दर पावसाळ्यात उखडतो: नवे कार्पेट (डांबराचा नवा थर) मागावे, पेव्हर ब्लॉक बसवावेत की आणखी काही?

प्रश्न (गल्लीकर, इंदिरानगर परिसर, नाशिक)

सर्वांना नमस्कार.

इंदिरानगरकडून पाथर्डी फाट्याकडे जाताना लागणाऱ्या एका कॉलनीत आम्ही गेली एकोणीस वर्षे राहत आहोत. आमच्या गल्लीचा रस्ता सुमारे १२० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असून दोन्ही बाजूंची मिळून २६ घरे त्यावर आहेत. तीन वर्षांपूर्वी या रस्त्याचे डांबरीकरण झाले. त्यानंतर वर्षभराच्या आतच एका कडेने पाइपलाइनसाठी चर खणण्यात आला, तो निघालेल्या मातीनेच बुजवून वर खडी आणि डांबराचा एक हात फिरवण्यात आला, आणि तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात रस्ता उखडतो, दिवाळीच्या सुमारास खड्डे बुजवले जातात आणि पुढच्या जुलैपर्यंत ते त्याच जागी पुन्हा तयार होतात.

सर्वांत मोठा खड्डा चौथ्या घरासमोर आहे. परवा उघडीप पडल्यावर मी तेथे बसून नीट पाहिले. खड्ड्याची कड बोटांनी उचलली, तर डांबराचा बोटभर जाडीचा थर पोळीचा पापुद्रा सुटावा तसा अलगद सुटून हातात आला. त्याची खालची बाजू काळी नव्हती, तर करड्या धुळीने माखलेली होती. चराच्या जागी मात्र प्रकार वेगळा आहे. तेथे डांबर सुटत नाही, संपूर्ण पट्टाच खाली बसत चालला आहे.

गेल्या रविवारी झालेल्या बैठकीत तीन मते पुढे आली. काहींच्या मते पाठपुरावा करून संपूर्ण गल्लीला नवे कार्पेट मागावे, काहींच्या मते घरटी वर्गणी काढून पेव्हर ब्लॉक बसवावेत, आणि दोन शेजाऱ्यांना काँक्रीटशिवाय दुसरे काहीही नको आहे. दरम्यान, एका शेजाऱ्यांनी घराच्या बांधकामातून उरलेला सिमेंटचा माल दोन खड्ड्यांत भरला. तो माल शाबूत आहे, परंतु त्याच्या चारही कडांना नवीन खड्डे पडले आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (निवृत्त शाखा अभियंता, गंगापूर रोड)

धागाकर्त्यांनी कड उचलून पाहिली, हे फार चांगले केले, कारण त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या करड्या धुळीतच आहे. डांबराचा नवा थर जुन्या पृष्ठभागाला चिकटावा म्हणून आधी रस्ता झाडून, शक्य तर हवेच्या झोताने स्वच्छ करून, त्यावर इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) पातळ फवारा मारावा लागतो, ज्याला टॅक कोट म्हणतात. जुन्या डांबरी पृष्ठभागावर त्याचे प्रमाण दर चौरस मीटरला साधारण २०० ते ३०० ग्रॅम, म्हणजे अगदी किरकोळ असते, आणि किरकोळ असल्यामुळेच घाईच्या कामात तो सर्वांत आधी वगळला जातो किंवा धुळीवरच मारला जातो. असा थर उन्हाळाभर व्यवस्थित दिसतो. पहिल्या पावसात पाणी दोन थरांच्या मध्ये शिरते, वरून चाक गेले की ते दाबले जाते, आणि हे दाबलेले पाणी पाचर ठोकावी तसा थर सोडवत जाते.

यात खडीचा दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडची खडी बसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची असते, आणि गारगोटीसारख्या दगडांच्या तुलनेत ती डांबर चांगले धरून ठेवते. तीच खडी धुळीने माखलेली किंवा ओली वापरली, की तो गुण वाया जातो.

चराचे दुखणे मात्र निराळे आहे. आपल्या अनेक कॉलन्या ज्या जमिनींवर उभ्या आहेत, ते पूर्वीचे मळे आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी खाली काळी माती आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. चरातून निघालेली तीच माती एकदम ढकलून वर रोलरच्या दोन फेऱ्या मारल्या, तर दबाई फक्त वरच्या वीतभर थराची होते आणि खालची माती पुढची दोन-तीन वर्षे बसत राहते. योग्य पद्धत अशी की चरात मुरूम किंवा बारीक खडीचा चुरा १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी भरावा, प्रत्येक थरावर बेताचे पाणी मारून तो यंत्राने दाबावा, आणि शेवटी वरचा डांबरी भाग चराच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त कापून मग बुजवावा, म्हणजे नव्या थराला टेकायला न खणलेली, घट्ट जमीन मिळते.

परंतु या दोन्हींच्या मुळाशी पाणी आहे. म्हणून नवे कार्पेट, ब्लॉक आणि काँक्रीट यांचा वाद तूर्त बाजूला ठेवून पाणी कोठे थांबते ते आधी शोधावे, अशी माझी विनंती आहे. अन्यथा ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी गत होईल (सोमेश्वराचे देऊळ गंगापूर रोडवरच असताना तेथे राहणाऱ्याने ही म्हण वापरावी की नाही, हा प्रश्न वेगळा). डांबरी रस्त्याच्या मध्यापासून कडेकडे साधारण २ ते २.५ टक्के उतार असावा लागतो. तुमचा रस्ता ६ मीटर रुंद आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतच्या ३ मीटरमध्ये ६ ते ७.५ सेंटिमीटर उतार हवा. दोन माणसांनी रस्त्याच्या आडव्या दिशेने दोरी ताणून, पाणसळीने ती समपातळीत आहे याची खात्री करून, मध्यभागी आणि दोन्ही कडांना पट्टीने अंतर मोजावे. दर १० मीटरवर असे मोजमाप घ्यायला एक सकाळ पुरते. पाऊस थांबल्यानंतर अर्ध्या तासाने जेथे पाणी उरले असेल, त्या डबक्यांभोवती खडूने रेघ मारून छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढच्या वर्षीचे खड्डे त्याच रेघांच्या आत पडतील, हे मी आजच लिहून देतो.

सिमेंटने भरलेल्या खड्ड्यांबद्दल एवढेच सांगतो की डांबरी रस्ता चाकाखाली किंचित लवतो आणि सिमेंटचा गोळा लवत नाही. त्यामुळे सांध्यावर ताण येऊन कडा तुटतात. शेजाऱ्यांचा हेतू चांगला होता, माल मात्र चुकीचा होता.

प्रतिसाद २ (म्हसरूळकर)

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत असलो, तरी पेव्हर ब्लॉकचा पर्याय इतक्या सहज बाजूला ठेवू नये, असे मला वाटते. आमच्या गल्लीत ब्लॉक बसवून सात वर्षे झाली आहेत. या काळात दोनदा पाण्याची आणि एकदा ड्रेनेजची लाइन उघडावी लागली. तिन्ही वेळा ब्लॉक काढले, काम झाले आणि तेच ब्लॉक पुन्हा बसवले. डांबरी रस्ता एकदा खणला की त्याचे ठिगळ कायमचे दिसते, आणि काँक्रीट फोडल्यावर तर विचारायलाच नको. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात सध्या जिकडेतिकडे खोदकाम चालू असताना, उघडता येणारा रस्ता ही मोठी सोय आहे.

चूकही सांगतो. आम्ही खर्च वाचवण्यासाठी ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक घेतले, जे पायवाटेला आणि अंगणाला ठीक असतात. कोपऱ्यावर कचऱ्याची घंटागाडी आणि पाण्याचे टँकर वळतात, तेथे ते वर्षभरात हलू लागले. दुसरी चूक अशी की एका बाजूला काँक्रीटची कड बांधलीच नव्हती. कड नसली की ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात, फटी रुंदावतात, फटींतली कच (दगडाचा बारीक चुरा) वाहून जाते आणि मग पूर्ण ओळ डुलू लागते. नंतर कोपऱ्यावर ८० मिलिमीटरचे ब्लॉक आणि दोन्ही बाजूंना पक्की कड केल्यावर त्रास थांबला.

प्रतिसाद ३ (निवृत्त शाखा अभियंता)

म्हसरूळकरांचा मुद्दा रास्त आहे आणि माझ्या लिहिण्यातून ब्लॉकला विरोध ध्वनित झाला असेल, तर ती माझ्या भाषेची चूक समजावी. खालचा थर पक्का असेल, वर २० ते ४० मिलिमीटर कचेचा समतल बिछाना असेल आणि कडा बांधलेल्या असतील, तर अंतर्गत रस्त्याला ब्लॉक उत्तम चालतात. परंतु धागाकर्त्यांच्या गल्लीतील चर बसतो आहे. त्याच चरावर ब्लॉक बसवले, तर तेही चराबरोबर बसतील, फरक इतकाच की खड्ड्याऐवजी नाल्यासारखी खोलगट पट्टी दिसेल. चर उघडून पुन्हा भरणे तिन्ही पर्यायांत अटळ आहे.

काँक्रीटबद्दलही थोडे लिहितो, कारण त्याला हल्ली रामबाण मानले जाते. काँक्रीट पाण्याला दाद देत नाही, हे खरे. मात्र त्याला किमान दोन ते चार आठवडे पाणी मारत ठेवावे लागते, ओतल्यानंतर काही तासांत साधारण चार-साडेचार मीटरवर सांधे कापावे लागतात, आणि या काळात २६ घरांच्या गाड्या दुसरीकडे लावाव्या लागतात. त्यातून खालच्या जलवाहिन्या जुन्या असतील, तर त्या आधी बदलल्याशिवाय वर काँक्रीट ओतणे म्हणजे पेटीला कुलूप लावून किल्ली आत ठेवणे होय.

आता खड्डा बुजवण्याच्या पद्धतीबद्दल, कारण संपूर्ण काम मंजूर होईपर्यंत तुम्हाला त्याच रस्त्यावरून जायचे आहे. खड्डा गोल किंवा वेडावाकडा असला, तरी तो चौकोनी कापला पाहिजे आणि कडा उभ्या असल्या पाहिजेत. निमुळत्या कडेवर टाकलेला माल तेथे पातळ होतो आणि चाकाबरोबर उडतो. सुटा भाग काढून घट्ट तळ लागेपर्यंत खाली जावे, तळ व कडा कोरड्या करून त्यांवर टॅक कोट लावावा, मग गरम माल थराथराने टाकून प्रत्येक थर दाबावा. सुटा माल दाबल्यावर बराच खाली बसतो, म्हणून शेवटचा थर आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा थोडा उंच ठेवावा. ‘उंचवटा राहिला’ म्हणून कामगारांना तो खरवडायला लावणारे रहिवासी मी पुष्कळ पाहिले आहेत. कृपया तसे करू नये.

गरम मालाचे तापमान हा कळीचा मुद्दा आहे. आपल्याकडे बहुधा वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल प्लांटवरून १५० ते १६५ अंश सेल्सिअसला निघतो, रस्त्यावर पसरताना तो किमान १४० अंश असावा आणि रोलरची शेवटची फेरी ९० अंशांच्या खाली जाण्याआधी पूर्ण व्हावी. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ताडपत्री न टाकता आलेला, दोन तास उभा राहिलेला डंपर हा माल नव्हे, सुटी खडी घेऊन आलेला असतो. फावड्याने टाकताना गोळे पडत असतील आणि वाफ दिसत नसेल, तर तो माल त्याच वेळी नाकारायला सांगावा. उलट निळसर धूर येत असेल, तर डांबर करपलेले आहे.

भर पावसात गरम मालाचा आग्रह धरू नये. त्या दिवसांत थंड मिश्रणाच्या तयार पिशव्या वापरता येतात. ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल खड्ड्याला सुमारे ४० किलो माल लागतो, त्यावरून अंदाज करता येईल. हा उपाय दिवाळीपर्यंतचाच समजावा.

प्रतिसाद ४ (देवळालीगावचा रहिवासी)

एक मुद्दा कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. आमच्या वडिलांनी घर बांधले, तेव्हा रस्त्यावरून ओट्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या. आज एकच उरली आहे. पायऱ्या झिजल्या नाहीत, रस्ता वर आला. दर काही वर्षांनी जुन्या थरावर नवा थर येत गेला आणि आता जोराचा पाऊस आला की पाणी गटारात जाण्याऐवजी फाटकातून आत येते. नवे कार्पेट मागणार असाल, तर जुना थर यंत्राने खरवडून काढण्याची तरतूद अंदाजपत्रकात आहे का, हे आधी विचारा. तसेच चेंबरची झाकणे नव्या पातळीला आणण्याचे काम कोण करणार, हेही विचारा, नाहीतर प्रत्येक झाकण हाच एक खड्डा होतो.

प्रतिसाद ५ (कागदपत्रवाला)

तांत्रिक बाजू वर उत्तम आली आहे, म्हणून मी फक्त कागदांविषयी लिहितो.

सर्वप्रथम रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे की अजून लेआउट पाडणाऱ्या मूळ मालकाच्या नावावर आहे, हे सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून तपासावे. रस्ता सार्वजनिक असेल, तर त्याची देखभाल हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. रस्ता हस्तांतरितच झाला नसेल, तर आधी तो विषय मार्गी लावावा लागतो, अन्यथा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

दुसरे, डांबरीकरणाच्या निविदेत दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता खराब झाला, तर ठेकेदाराला तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. धागाकर्त्यांच्या रस्त्याला तीन वर्षे होत आली आहेत, त्यामुळे मुदत संपण्याच्या आत लेखी तक्रार देऊन पोच घेणे महत्त्वाचे आहे. चर खणला गेल्यामुळे ठेकेदार जबाबदारी झटकण्याचा प्रयत्न करील. म्हणून चराच्या बाजूचे आणि चर नसलेल्या बाजूचे खड्डे स्वतंत्रपणे नोंदवावेत. चौथ्या घरासमोरचा खड्डा चराच्या बाजूला नसेल, तर तो तुमचा सर्वांत बळकट पुरावा आहे.

माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, चर खणण्याची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्यासाठी भरून घेतलेल्या रकमेचा तपशील मागावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि त्यानंतर पहिले अपील करता येते. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की २००५ च्या या कायद्यातील माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येतच कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचा समावेश आहे.

खड्ड्यामुळे कोणाला दुखापत झाली, तर त्याची नोंद अवश्य ठेवावी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी ६ लाख रुपये आणि दुखापतीसाठी तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आहे.

प्रतिसाद ६ (गल्लीकर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण सांगितल्याप्रमाणे मोजमाप करूनच लिहायचे ठरवले होते.

दोरी आणि पाणसळ घेऊन १३ ठिकाणी मोजले. पहिल्या ७० मीटरमध्ये उतार कोठेही ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही आणि दोन ठिकाणी तर कड मध्यापेक्षा उंच निघाली. पुढच्या भागात उतार ठीक आहे, आणि तेथे चर सोडल्यास खड्डेही नाहीत. चौथ्या घरासमोरचा खड्डा चराच्या विरुद्ध बाजूला आहे. त्याच्यासह तक्रार लेखी दिली असून पोच मिळाली आहे.

परंतु खरी अडचण वेगळीच निघाली आणि ती लिहिताना थोडा संकोच वाटतो. शनिवारी संध्याकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही डबक्यांभोवती खडू फिरवत गेलो, तेव्हा लक्षात आले की २६ पैकी ११ घरांनी गाडी आत चढवण्यासाठी फाटकासमोर काँक्रीटचे उतार केले आहेत आणि ते थेट गटारावर ओतलेले आहेत. त्यांपैकी एक उतार माझ्याच घराचा आहे. दोन उतारांच्या मध्ये पाणी अडते, गटारात जायला त्याला तोंडच नाही, आणि आमची सहा मोठी डबकी या उतारांच्या वरच्या अंगालाच आहेत. चौथ्या घरासमोरचे डबके ज्या उतारामुळे साचते, तो पाचव्या घराचा, म्हणजे आमचा आहे.

मी माझा उतार काढायला सांगितले आहे. आणखी सात घरे तयार आहेत, तिघांची समजूत घालणे चालू आहे. आता प्रश्न असा की गाडी आत घेण्याची सोय ठेवून पाण्याला वाट कशी द्यावी? गवंडी म्हणतो की खालून चार इंची पाइप टाकला की झाले.

प्रतिसाद ७ (निवृत्त शाखा अभियंता)

चार इंची पाइप टाकू नये. पहिल्या पावसात त्यात पाने आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात, आणि काँक्रीटखालचा पाइप कोणी साफ करत नाही. गटार पूर्ण रुंदीने उघडे ठेवून त्यावर लोखंडी पट्ट्यांची जड जाळी बसवावी. जाळी दोन किंवा तीन तुकड्यांत असावी, म्हणजे एका माणसाला उचलून आतला गाळ काढता येईल, आणि पट्ट्या रस्त्याच्या लांबीला आडव्या ठेवाव्यात, नाहीतर सायकलचे चाक फटीत अडकते. जाळीचा वरचा पृष्ठभाग रस्त्याच्या कडेपेक्षा बोटभर खालीच असू द्यावा.

हे काम दिवाळीपूर्वी झाले, तर नोव्हेंबरमध्ये पहिल्या ७० मीटरचा जुना थर खरवडून रस्त्याचा आडवा उतार दुरुस्त करून घेण्याची मागणी करता येईल. संपूर्ण गल्लीला कार्पेट मागण्याचे कारण मला आता दिसत नाही. ७० मीटरला ३० मिलिमीटर जाडीचा थर धरला, तर सुमारे २९ टन माल लागेल, म्हणजे १० टनांचे तीन डंपर. काम चालू असताना डंपर मोजायला कोणीतरी घरी राहावे आणि प्रत्येक डंपरच्या वजनाच्या पावतीचा फोटो काढून ठेवावा.